तिसरा इंजेक्टर

त्या दिवशीचं काम साधं होतं. दादाची जुनी पिकअप बघायला संध्याकाळी गिऱ्हाईक येणार होतं आणि त्याआधी मला तिचा दोष काढायचा होता. थंड असताना ती एका चावीत सुरू व्हायची, पण दहा मिनिटांनी आचके देत बंद पडायची. बारा दिवसांपूर्वी चढावर अशीच बंद पडली. दादा चाकामागे दगड लावायला उतरला आणि गाडी मागे आली.

लोक म्हणाले, नशीब. पण त्या अपघाताच्या चार दिवस आधी टाकीतला पेट्रोलचा पंप मीच बदलला होता, एकट्याने. दोष तिथे निघाला, तर दादाला मी मारलं. गाडी विकण्याआधी मला तेवढंच कळायला हवं होतं.

दुपारी वहिनी गॅरेजमध्ये आली. "चावी फिरवायला कोणीतरी लागेलच ना तुला," म्हणाली आणि दादाच्या सीटवर बसली. सीट मागे सरकवलेली होती, तिचे पाय पेडलपर्यंत पोचत नव्हते. तिने सीट पुढे घेतली नाही.

शटर अर्धं ओढलेलं होतं. आत ऑइलचा आणि तापल्या रबराचा वास. इंजिन सुरू झालं, पेट्रोलच्या प्रेशरचा काटा जागेवर आला. मी दादासारखंच करायला घेतलं. लांब स्क्रू-ड्रायव्हरचं टोक इंजिनात पेट्रोल फवारणाऱ्या इंजेक्टरवर, मूठ कानाला. चांगला इंजेक्टर घड्याळासारखा टिकटिकतो. दादा नुसतं ऐकून दोष सांगायचा. मला म्हणायचा, "तुझं डोकं म्हणजे हॉर्न आहे. दाबलं की वाजतं. जरा ऐकायला शीक."

पहिला ठीक होता. दुसराही. मी तिसऱ्यावर टोक ठेवलं तेवढ्यात काटा घसरला, इंजिनने दोन आचके दिले आणि ते बंद पडलं.

तिसरा टिकटिकतच होता.

"वहिनी, चावी बंद कर."

"काढलीये. माझ्या हातात आहे."

मी बॅटरीची वायर सोडवली. परत कान लावला. टिक... टिक... सावकाश, घाई नसल्यासारखं. मी काम बिघडवून समोर उभा राहिलो की दादा कधी ओरडायचा नाही. बॉनेटवर बोटाने टकटक करत राहायचा, मी आपणहून बोलेपर्यंत. अगदी तसंच.

"काय ऐकतोयस?" वहिनीने हळूच विचारलं.

"वहिनी... पंप काढला तेव्हा कचरा जाऊ नये म्हणून टाकीच्या तोंडात फडकं कोंबलं होतं. ते आत पडलं. दादा घाई करत होता. म्हटलं, एका फडक्याने काय होतंय... तसाच पंप बसवला. त्याला सांगितलं नाही."

टिकटिक थांबली.

वहिनी गाडीतून खाली उतरली. मग म्हणाली, "टाकी उघड."

टाकी खाली उतरवली. बोल्ट आवळला की त्यावर पिवळी रेघ मारायची, ही आमची पद्धत. बोल्ट कोणी हलवला तर रेघ तुटते. माझ्या सगळ्या रेघा शाबूत होत्या. पंप बाहेर काढला, जाळी स्वच्छ. कोपरापर्यंत हात घालून चाचपलं.

"नाहीये..."

"नीट बघ."

"नाहीये, वहिनी."

ती घरात गेली आणि हॉस्पिटलने दिलेली दादाच्या कपड्यांची पिशवी घेऊन आली. गाठ तशीच होती. "हिला पहिल्या दिवसापासून पेट्रोलचा वास येतोय," ती म्हणाली. "मला वाटलं, त्याचाच वास... म्हणून उघडली नाही."

तिने गाठ सोडली. शर्टाच्या खिशात फडकं होतं. माझ्या जुन्या निळ्या बनियनचं, शिलाईसकट. मी फडकं नेहमी चुरगाळून टाकतो. हे चौपदरी घडी घातलेलं होतं, दादा घालायचा तशी.

तिने ते उचललं, तर खाली थेंब पडला. पेट्रोल. उघड्यावर सांडलं तर तासाभरात उडून जातं ते.

"रागावला असेल का रे?" वहिनीने विचारलं.

तिने फडकं पिळलं, परत पिळलं. मग खाली रिकामा डबा ठेवला.

गिऱ्हाईक आलं तेव्हा डबा अर्धा भरला होता.