मागून दोनदा वाजलेली घंटी

ज्यांना हसायचं असेल त्यांनी खुशाल हसावं. पण हे माझ्या सख्ख्या मावसबहिणीच्या घरात घडलंय, आणि ती घंटी मी स्वतः हातात घेऊन बघितली आहे.

मावसबहिणीला आम्ही माई म्हणतो. एका मोठ्या शहराच्या टोकाला, तिसऱ्या मजल्यावर तिचं घर. ती घरीच पडदे शिवते. भावोजी छापखान्यात होते.

भावोजी आणि त्यांचे मित्र दरवर्षी सायकलवर लांबची सहल काढायचे. सगळ्यात पुढे लंबू. त्याच्यामागे गुरांचा डॉक्टर, मग भावोजी, आणि शेवटी गोट्या. त्यांचा एक नियम होता. चालत्या सायकलवरून मागे वळून बघायचं नाही. मान वळली की हँडल वळतं.

म्हणून लंबू घंटी वाजवायचा. मागून डॉक्टर एकदा, भावोजी एकदा, आणि गोट्या दोनदा.

दोनदा म्हणजे, सगळे आहेत. चला.

गेल्या वर्षी गोट्या गेला. रात्री जेवून झोपला तो उठलाच नाही. भावोजींनी तेव्हापासून सायकलला हात लावला नव्हता. धड जेवायचे नाहीत, बोलायचे नाहीत. जिवंत माणूस डोळ्यांदेखत विझत चाललेला माईला बघवेना. शेवटी तिनेच दोघा मित्रांना फोन करून बोलावून घेतलं.

ते आले, आणि घरात पुन्हा आवाज झाला. जेवणाच्या टेबलावर नकाशा पसरला. शहराला वळसा घालून कालव्याच्या रस्त्याने धरणापर्यंत, तिथे मुक्काम, मग दुसऱ्या अंगाने टेकड्यांमधून परत. चांगली तीन-चार दिवसांची सहल. सकाळी कालव्यावर थोडा सराव करायचा ठरलं.

माई मशीनवर सामानाच्या पिशव्या शिवत होती. भावोजी वर्तमानपत्रावर आपल्या सायकलची गंजलेली घंटी उघडून रॉकेलने पुसत बसले होते.

"पण शेवटी कोण राहणार?" डॉक्टरने विचारलं.

भावोजींचा पुसणारा हात थांबला.

"शेवटी गोट्याच," लंबू म्हणाला. "ती जागा त्याचीच. तो येतोय असंच धरायचं."

भावोजी हसले. वर्षभरात पहिल्यांदा. माईच्या डोळ्यांत पाणी आलं.

आणि तेवढ्यात...

गॅलरीतून घंटी वाजली.

दोनदा.

गॅलरीत तिघांच्या सायकली होत्या. माई उठून बघून आली. तिथे कोणी नव्हतं.

"वाऱ्याने वाजली असेल, वहिनी," डॉक्टर म्हणाला.

वारा नव्हता. समोरच्या दोरीवरचे कपडे हलत नव्हते. पण भावोजी हसले होते ना... माईने तो विषय तिथेच सोडला.

सकाळी उजाडल्यावर तिघं निघाले. लंबूने नेहमीसारखी घाई केली. भावोजींनी खालून हात केला. "जेवायला येतोच गं!"

माई टेबल आवरायला लागली. वर्तमानपत्र उचललं, तर खाली काहीतरी खणखणलं.

भावोजींची घंटी. बसवायची राहून गेली होती.

तिला हसूच आलं. विसरभोळेपणात आमच्या भावोजींचा हात कोणी धरला नसता. तिने त्यांना फोन लावला. लागला नाही. मग लंबूला लावला.

"अहो, ह्यांची घंटी घरीच राहिलीय. त्यांना सांगा जरा."

"काहीतरीच काय, वहिनी!" लंबू धापा टाकत हसला. "आता शेवटी तोच ना, केव्हापासून मागून वाजवतोय की. थांबा, ऐकवतो."

लंबूने घंटी वाजवली.

मग डॉक्टरची. एकदा.

मग...

मागून, लांबून... दोनदा.

माईच्या हातातली घंटी गार होती.

"मागे बघा!" ती किंचाळली. "अहो, मागे बघा!"

करकचून ब्रेक दाबल्याचा आवाज आला.

"वहिनी..." लंबूचा आवाज पार बसला होता. "डॉक्टरच्या मागे... कोणीच नाहीये."

भावोजी सापडले ते थेट सुरुवातीच्या पुलापाशी. कालव्यात. सायकल काठावर आडवी पडलेली होती, हँडल वळलेलं. पाणी कंबरेपेक्षा खोल नव्हतं. लगेच कोणी आलं असतं तर वाचले असते, असं इस्पितळातले डॉक्टर म्हणाले.

पण लगेच कोण येणार? मागून "सगळे आहेत" असं सांगणारी घंटी वाजत होती ना.

माई मला म्हणाली, "त्यांना ठाऊक होतं आपल्याकडे घंटी नाही. आणि मागून दोनदा वाजली. मग ते वळून बघणारच ना रे?"



पिशव्या तिने अजून टाकल्या नाहीत. घंटी मशीनच्या खणात आहे. मित्र पुन्हा आले नाहीत, आणि तिनेही बोलावलं नाही.

गेल्या महिन्यात मी तिच्याकडे बसलो होतो. दुपारची वेळ. तिचा फोन वाजला. लंबूचा होता.

तो एकटाच सायकलवरून कामावर निघाला होता. समोर म्हैस आडवी आली म्हणून त्याने घंटी वाजवली.

"वहिनी, मागून आवाज आला." तो रडत होता. सायकल चालूच होती, चाकांची घरघर मलाही ऐकू येत होती. "आधी एकदा वाजली. जराशी खरखरीत... त्याची वाजायची तशीच. आणि मग..."

"मग दोनदा?" माईने विचारलं.

"हो."

माईने खण ओढला. भावोजींची घंटी आतच होती.

"वहिनी, तो असेल का हो? मी... मागे बघू का?"

माईने माझ्याकडे बघितलं. ते डोळे मी जन्मात विसरणार नाही. नवऱ्याला एकदा कोणीतरी बघावं म्हणून तिचा जीव नुसता तुटत होता. आणि बघणाऱ्याचं काय होतं, हेही तिला ठाऊक होतं.

तिच्या तोंडून शब्द फुटेना. माझ्याही नाही.

फोनमधून चाकांची घरघर येत राहिली... आणि मग थांबली.