काही नाही, आजोबा

हे मी घरी कोणालाच सांगितलेलं नाही. तू मध्ये न बोलता ऐकून घेतेस, म्हणून तुला सांगते.

सणाचा दिवस होता, भर दुपार. पूजा आटोपली होती, घर पाहुण्यांनी भरलं होतं आणि खुर्च्या कमी पडत होत्या. काकू म्हणाली, "खाली आजोबांच्या खोलीत चार घडीच्या खुर्च्या आहेत, तेवढ्या घेऊन ये गं." आजोबांना जाऊन आठ महिने झाले होते. त्यांच्याशिवायचा हा पहिलाच सण. तरी सगळे नेहमीसारखे हसत-बोलत होते आणि त्याचा मला राग येत होता. किल्ली घेऊन मी लगेच निघाले.

आजोबांना कमी ऐकू यायचं. उजव्या कानात मशीन असायचं, म्हणून ते कायम माझ्या डाव्या हाताला बसत. सगळे कशाला तरी हसले की माझी बाही हलकेच ओढून विचारत, "काय झालं?" लहानपणी मी सगळं पुन्हा सांगायचे. पुढे कंटाळा यायला लागला. माझी नोकरी फोनवर तक्रारी ऐकण्याची. अनोळखी माणसांना एकच गोष्ट चारचारदा गोड आवाजात सांगते मी, आणि घरात मात्र कपाळाला आठ्या. मागच्या सणाला काका पूजेत डोळे मिटून बसले होते. आम्हाला वाटलं ध्यान लागलंय, तर ते चक्क घोरायला लागले. हसून हसून आमची मुरकुंडी वळली. आजोबांनी बाही ओढली. मी म्हणाले, "काही नाही, आजोबा." त्यांनी मान हलवली, मशीन काढून खिशात ठेवलं आणि संध्याकाळपर्यंत तसेच बसून राहिले. दुसऱ्या दिवशी मी नोकरीच्या गावी परतले. त्यानंतर आमची भेट झाली नाही.

खोलीत पडदे ओढलेले होते. कोंदट वास, आणि त्यात अजून त्यांच्या केसांच्या तेलाचा वास. वरच्या मजल्यावरची पावलं ऐकू येत होती. कपाटामागून दोन खुर्च्या काढल्या आणि तेवढ्यात एक बारीक शीळ ऐकू आली. ती टेबलाच्या ड्रॉवरमधून येत होती. आवाज मी लगेच ओळखला. मशीन कानात नीट बसलं नाही की असंच कुईं करत राहायचं, बसलं की गप्प.

मी ड्रॉवर उघडला. डबीत मशीन वाजत होतं. उचलून पाहिलं तर सेलची जागा रिकामी. ती रिकामीच असणार होती, कारण आजोबा गेले म्हणून मी घरी आले, त्या दिवशी तो बटणाएवढा सेल मीच काढून टाकला होता.

मी ते टेबलावर ठेवलं. वर पुन्हा हशा पिकला... आणि माझी डावी बाही ओढली गेली. हलकेच. दोनदा.

मान वळवायचं धाडस झालं नाही. भिंतीकडे बघतच मी म्हणाले, "आजोबा... मागच्या वेळी ना... काका पूजेत झोपले होते..."

शीळ थांबली.

मग मी सगळं सांगितलं. काकांची मान कशी लटकली, काकूने कोपर कसं मारलं, आणि ते दचकून हात जोडत कसे म्हणाले, "मी जागाच आहे." सांगताना मी रडत होते. खोलीत कोणीतरी कान देऊन ऐकतंय हे मला कळत होतं. शेवटी म्हणाले, "एवढंच होतं, आजोबा. तेव्हाच सांगायला हवं होतं." मग टेबलाकडे पाहिलं. मशीन तिथे नव्हतं.

चारही खुर्च्या कशा वर नेल्या, आठवत नाही.

आता इथे मी एकटीच राहते, तुला माहीत आहे. कधी कशाला तरी हसले तर डावी बाही ओढली जाते, आणि मी काय झालं ते सांगते. खरं सांगू, आता भीती वाटत नाही. सोबत वाटते. रिकाम्या खोलीत आपल्याला विचारणारं कोणीतरी आहे, एवढं पुरतं.

पण काल संध्याकाळी मी हसले नव्हते, बोललेही नव्हते. नुसती बसले होते. आणि बाही उजवीकडून ओढली गेली...

आजोबा उजवीकडे कधीच बसले नाहीत. तेव्हापासून मी आठवत बसले आहे, आणखी कोणाला मी "काही नाही" म्हणाले होते.