शनिवारी केलेलं दानपत्र

सन १९६३, फेब्रुवारीचा पहिला सोमवार. नदी गोठून दगड झाली होती. वेदरकोटच्या चर्चची राखण मी एकेचाळीस वर्षं करतो. कबरी खोदतो, घंटा वाजवतो, कागदांच्या पेटीची किल्ली माझ्याकडे असते. जुन्या पाद्रीबाबांनी मला लॅटिन दस्त वाचायला शिकवलं. शाळा बाराव्या वर्षी सुटली. त्याची मला लाज नाही.

जमीनदाराला गावच्या कुरणाला कुंपण घालायचं होतं. एकोणीस घरांच्या गाई त्यावर जगतात. इसोल्डा नावाच्या बाईने ते गावाला दिलं, तिचं चामड्यावरचं दानपत्र आमच्या पेटीत आहे. जमीनदाराचे वकील प्रिंगल म्हणत, त्यावर फेब्रुवारी १३४८ आहे. तिचा नवरा वॉल्टर मेला त्या सालच्या ऑक्टोबरात. नवरा जिवंत असताना बायकोला जमीन देता येत नसे, म्हणून पत्र रद्दी. निकाल पुढच्या सोमवारी होता.

दुपारी मनोऱ्याखालच्या खोलीत पत्र पुन्हा उलगडलं. बाहेर धुकं. खिडकी पांढरी, खोली काळोखी. हळूहळू ओल्या लोकरीचा वास आला, मग तापलेल्या मेणाचा. मागे कोणीतरी श्वास घेत होतं. मी वळलो नाही.

"मी विधवा होते..." बाईचा आवाज, अगदी कानाशी. "विधवा होते रे..."

सहाशे वर्षांची मेणाची मोहोर माझ्या बोटांखाली लोण्यासारखी मऊ झाली. आणि एका शब्दावर ओलं बोट उमटलं. शनिवार.

कोणत्या साली कोणता सण कोणत्या वारी आला, तो जुना तक्ता काढला. पत्रात होतं, 'संत व्हॅलेंटाइनचा दिवस, शनिवार, १३४८.' आपल्या १३४८ मध्ये तो दिवस गुरुवारी येतो. शनिवारी येतो १३४९ मध्ये. तेव्हा पाद्रीबाबांचं सांगणं आठवलं. त्या काळचे कारकून साल बदलत पंचवीस मार्चला. म्हणजे त्यांच्या १३४८ चा फेब्रुवारी त्याच सालच्या ऑक्टोबरच्या नंतरचा. नवरा चार महिन्यांपूर्वी गेलेला.

कोर्टात मी हे सांगितलं तेव्हा प्रिंगल हसले. कबरी खोदणारा आता आम्हाला लॅटिन शिकवणार का, असं म्हणाले.

"साहेब, जिवंत कोण नि मेलेलं कोण, हे मला तुमच्यापेक्षा बरं कळतं," मी म्हणालो. "तुम्ही साल वाचलंत. वार वाचायचा राहिला."

न्यायाधीशांनी तक्ता मागवून स्वतः मोजलं, दोनदा. कुरण गावाचं राहिलं. आमच्या गाववाल्यांनी मला खांद्यावर घेऊन कोर्टाच्या पायऱ्यांवरून उतरवलं. वयाच्या सत्तराव्या वर्षी. मी नको म्हटलं नाही.

घरी येऊन पत्र पुन्हा पाहिलं. मोहोर मऊ झाली तेव्हा तिच्याखालची घडी सुटली होती. आत एक ओळ होती, आजवर कोणी न वाचलेली. कुरणाच्या बदल्यात गावाने वॉल्टरच्या आत्म्यासाठी दर साली याच दिवशी एक मेणबत्ती लावावी.

गुरुवारी चौदा तारीख होती. चुकलेल्या दर सालाची एक, अशा वेदीवर सहाशे चौदा मेणबत्त्या लावल्या, एकट्याने. दार बाहेरून बंद केलं, किल्ली खिशात घातली.

सकाळी मेणाचे सहाशे चौदा थेंब थिजले होते. प्रत्येकावर बाईच्या बारीक अंगठ्याचा ठसा.

देणं फिटलं.