नांग थोरानीचे ओले केस

जेवणाची सुट्टी व्हायला आली होती, तेवढ्यात म्हातारी खामपेंग पाण्याची बाटली घेऊन संग्रहालयाच्या दालनात शिरली.

"आजी, मूर्तीच्या लाकडाजवळ पाणी नको. किती वेळा सांगायचं?" बुआवान वैतागून म्हणाली.

"सकाळी भिक्खूंना भात वाढून आलेय. ते पुण्य या पाण्यावाटे माझ्या मेलेल्या पोराला कोण पोचवणार? तुझा साहेब?"

बुआवानला हसू आलं. म्हातारीचं गाव धरणाखाली गेलं होतं. मुलाच्या अस्थींचा स्तूप बुडाला, देऊळही बुडालं. उरली ती देवळातली लाकडी भूदेवी नांग थोरानी, दोन्ही हातांनी आपले लांब केस पिळत उभी असलेली. तिलाही सरकारनं इथं आणून काचेआड ठेवलं. ज्यांची देवी त्यांना परत मिळायलाच हवी म्हणून बुआवान नोकरी पणाला लावून भांडत होती. आत्ताही ती त्याचाच अर्ज लिहीत होती.

"बरं, या वाडग्यात ओता. मी नंतर बाहेर चाफ्याच्या मुळाशी घालते."

"मातीतच घाल हं बाई. माती पिते, ही देवी नेते. ज्याचं नाव घ्यावं त्या मेलेल्याला ते पोचतं."

म्हातारी गुडघ्यांवर बसली. बारीक धार पडू लागली. ती मुलाचं नाव पुटपुटली, पण बुआवानचं लक्ष अर्जात होतं. म्हातारी गाडी गाठायला निघून गेली आणि बुआवाननं घाईघाईत वाडगा हात धुवायच्या बेसिनमध्ये उपडा केला.

थोड्या वेळानं टप... टप... असा आवाज येऊ लागला.

छत कोरडं होतं. नळ बंद होता. दालनात तळ्याच्या गाळाचा जड, कुजका वास भरला होता. बुआवाननं काच उघडली. देवीच्या केसांच्या टोकाशी एक थेंब फुगत होता. तिनं तो फडक्यानं टिपला. दुसरा आला. मग धारच लागली.

"कोण आहे...?" ती कुजबुजली. कुणीच नव्हतं.

तिनं वाडगा खाली धरला. तो काठोकाठ भरल्यावर ती बाहेर धावली आणि चाफ्याखाली ओतून मोकळी झाली. एप्रिलच्या उन्हानं जमिनीला बोटभर भेगा पडल्या होत्या. तरी पाणी मुरलं नाही. भेगांवर ते तसंच तरंगत राहिलं, काचेवर सांडल्यासारखं.

"घे ना... आजीच्या मुलासाठी आहे..."

पाणी हललं नाही. नाव हवं होतं. नाव तिला आठवेना, कारण ते तिनं ऐकलंच नव्हतं. रस्त्यावर गाडीचा धुरळासुद्धा उरला नव्हता.

बुआवान मातीत बसली आणि तिनं हात जोडले.

"माझं चुकलं... मी, बुआवान..."

मातीनं सगळं पाणी एका घोटात ओढून घेतलं.

आणि बुआवानच्या घशातून काहीतरी गार, शेवाळाच्या चवीचं, सावकाश खाली उतरलं.