तीन दोरे आणि बिजली कोंबडी

"आज ती कोंबडी इथून जाणार म्हणजे जाणार!"

एका हातात चप्पल आणि दुसऱ्या हातात बशी घेऊन रत्नाकर आजोबा हॉलभर नाचत होते. बशीतल्या खोव्याच्या जिलबीवर एक गलेलठ्ठ रातकिडा मिशा हलवत बसला होता. चप्पल मारावी तर जिलबी जाणार, न मारावी तर रातकिडा ती खाणार!

अवंती आणि तिचा धाकटा भाऊ आल्हाद दिवाळीच्या सुट्टीत भोपाळहून जबलपूरला आले होते. आजोबा तोफांच्या कारखान्यातून केव्हाच निवृत्त झाले होते, पण त्यांचा आवाज काही निवृत्त झाला नव्हता. रांझी भागातल्या त्यांच्या बैठ्या घराच्या भिंतीला लागूनच नागसेनचं घर. नागसेन अवंतीच्याच वयाचा, आणि बिजली ही त्याची लाडकी तांबडी कोंबडी.

दिवाळीच्या आधीपासून आजोबांच्या घरात रातकिड्यांनी उच्छाद मांडला होता. हेमलता आजीनं कडुलिंबाचा धूर केला, कोपऱ्याकोपऱ्यात डांबराच्या गोळ्या टाकल्या, बाजारातून फवारा आणला. फवाऱ्यानं आजी शिंकून शिंकून बेजार झाली, रातकिडे मात्र ताजेतवाने! तिच्या खळ दिलेल्या साडीला त्यांनी भोकंसुद्धा पाडली.

"त्या खुराड्यातल्या गवतातून येतात मेले!" आजोबांनी निकाल देऊन टाकला. "नागसेनच्या घरी मी बोललोय. भैयालाल पाटणला निघालाच आहे. संध्याकाळच्या बसनं तिला घेऊन जाईल."

भैयालाल म्हणजे नागसेनचा मामा. तो दारात उभा राहून गालातल्या गालात हसत होता. "चिंता नको करू बेटा. मी तिले चांगली ठेवीन. मसाला लावून!"

नागसेनचा चेहरा कसनुसा झाला.

"काहून घेऊन जाऊन राहिले तिले?" अंगणात येताच तो म्हणाला. "बिजली तर रातकिडे खाते! तिच्या खुराड्यात एक तरी दिसला का तुले?"

"मग ते सिद्ध करायला हवं, बस निघायच्या आत!" अवंती म्हणाली.

"पण कसं? जवळ गेलं की गप्प होतात ते," आल्हाद म्हणाला. "लपलेला शत्रू!"

अवंती एकदम थांबली. "लपलेला शत्रू! आल्हाद, आजोबांची तोफेची गोष्ट आठवते?"

ती गोष्ट कोणाला आठवणार नाही! दर सुट्टीत आजोबा ती सांगत. शत्रूची तोफ डोंगराआड असते, दिसत नाही. मग काय करायचं? ऐकायचं! वेगवेगळ्या जागी माणसं बसवायची. आवाज कुठून आला ते प्रत्येकानं दाखवायचं आणि नकाशावर रेघा ओढायच्या. जिथे रेघा मिळतील तिथे तोफ!

"पण आत्ता तर दिवस आहे. रातकिडे गाऊन राहिले का?" नागसेनला शंका आली.

"आपण रात्र करू!"

दुपारी जेवण झाल्यावर आजोबा नेहमीसारखे हॉलमधल्या दिवाणावर आडवे झाले. "आजोबा, ऊन डोळ्यांवर येतंय ना? पडदे ओढते हं," अवंती लाडिकपणे म्हणाली.

"गुणी पोर!" आजोबा म्हणाले आणि घोरू लागले.

पडदे ओढले, खिडक्या लावल्या. हॉलमध्ये गुडुप अंधार झाला. आजीच्या विणकामातली लाल लोकर घेऊन अवंती स्वयंपाकघराच्या दारात बसली, नागसेन मधल्या भिंतीजवळ, खिडकीखाली आणि आल्हाद देवघरापाशी. तिघंही पुतळे झाले.

घुर्रर्र... आजोबांचं घोरणं. मग जरा शांतता. आणि त्या शांततेत, कीर्र! कीर्र! कीर्र!

तिघांनी डोळे मिटून बोटं रोखली. अवंतीनं हळूच टॉर्च लावला. ज्याचं बोट जिकडे, तिकडे लोकरीचा दोरा ताणला. आल्हादचा दोरा एकीकडे, अवंतीचा दुसरीकडे आणि नागसेनचा...

नागसेनचा दोरा सरळ मधल्या भिंतीकडे गेला. भिंतीपलीकडे त्याचंच घर आणि बिजलीचं खुराडं!

"अरे, बोट जरा इकडे कर ना!" आल्हाद कुजबुजला. "कोण बघतंय?"

"नाही बे." नागसेनच्या डोळ्यांत पाणी आलं, पण बोट हललं नाही. "मले तिकूनच ऐकू आलं. खोटं कसं दाखवू?"

अवंतीला त्याचा फार अभिमान वाटला. ती त्या उघड्या भिंतीकडे बघत राहिली. एकाएकी तिनं कपाळावर हात मारून घेतला.

"डोंगर फसवतो! आजोबा हेसुद्धा सांगतात! आवाज डोंगरावर आपटून परत येतो आणि ऐकणारा फसतो. भिंतीच्या सगळ्यात जवळ नागसेन बसलाय!"

आवाज भिंतीवर आपटून परत येऊ नये म्हणून त्यांनी आजीच्या दोन जाड गोधड्या हळूच भिंतीवरच्या खुंट्यांना टांगल्या. नागसेन भिंतीपासून दूर सरकला. पुन्हा अंधार, पुन्हा पुतळे.

कीर्र! कीर्र!

या वेळी तिन्ही दोरे एकाच ठिकाणी येऊन मिळाले. बरोबर आजोबांच्या पोटावर!

"ए बाप्पा!" नागसेनच्या तोंडून निघालं.

आजोबा दचकून उठले. पोटावर लाल लोकरीचं जाळं, समोर तीन पोरं! "काय चाललंय काय? अं?"

"आजोबा, शत्रू सापडला!" आल्हाद ओरडला. "तुमच्या खालीच आहे!"

"दिवाणाखाली? छे छे! तिथे माझं जुनं सामान आहे. हात लावायचा नाही!"

गडबड ऐकून आजी आतून आली. "अच्छा! म्हणून मला तिथे झाडूसुद्धा फिरवू देत नाही होय? काय आहे हो खाली?"

आजोबा गोरेमोरे झाले. अवंती धीर करून पुढे झाली. "आजोबा, रेघा मिळाल्या की वाद घालायचा नाही, असं तुम्हीच शिकवलंय ना?"

आजोबांनी नातीकडे पाहिलं, दोऱ्यांकडे पाहिलं. मग वाकून त्यांनी दिवाणाखालून एक लाकडी खोकं ओढलं आणि झाकण उचललं.

आत ओलसर पेंढा होता, आणि त्यात रातकिड्यांची अख्खी पलटण! टणाटण उड्या मारत ती हॉलभर पसरली. आजी किंचाळून खुर्चीवर चढली.

"बिजली!" म्हणत नागसेन धूम पळाला.

भैयालाल मामा पिशवी काखोटीला मारून रिक्षात पाय ठेवतच होता. पिशवीतून बिजलीची मान बाहेर आली होती. नागसेननं ती पिशवी हिसकावलीच!

"अबे, मेरी बस छूट जाएगी!"

"तुम्ही जा मामा! तिची ड्यूटी लागली!"

बिजलीला हॉलमध्ये सोडलं मात्र! टुक, टुक, टुक! एक दिवाणाखाली, एक पडद्यामागे, एक थेट आजीच्या खुर्चीच्या पायाशी. जे काम धुराला, गोळ्यांना आणि फवाऱ्याला जमलं नव्हतं ते बिजलीनं चहा उकळेपर्यंत उरकलं. उरलेला पेंढा आल्हादनं अंगणात नेऊन उन्हात पसरला.

रिकाम्या झालेल्या खोक्याच्या तळाशी पांढरंशुभ्र काहीतरी चमकत होतं. भेडाघाटच्या संगमरवराचं नाजूक तुळशीवृंदावन!

"तुळशीच्या लग्नाला तुला अचानक देणार होतो," आजोबा आजीकडे बघत पुटपुटले. "पेंढा ओला होता, हे लक्षातच आलं नाही."

"इतके दिवस रातकिडे तुम्ही पाळलेत, आणि शिक्षा त्या मुक्या जिवाला!" आजी रागानं म्हणाली खरी, पण तिचा हात संगमरवरावरून हलकेच फिरत होता.

आजोबा नागसेनसमोर येऊन उभे राहिले. "चूक माझी होती, बेटा. तुझी आणि बिजलीची मी माफी मागतो." मग त्यांनी भिंतीवरच्या गोधड्यांकडे बोट केलं. "आणि या कशाला टांगल्यात?"

अवंतीनं सगळं सांगितलं. पहिल्यांदा नागसेनचा दोरा त्याच्याच घराकडे गेला होता, हेही सांगितलं.

आजोबा नागसेनकडे वळले. "आणि तू बोट हलवलं नाहीस?"

"मले तसंच ऐकू आलं होतं, आजोबा."

आजोबांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला. "पोरा, तोफ डागायच्या आधी तिची तपासणी होते. चूक दिसली, तर ती स्वतःची असली तरी खरं सांगणारा माणूस तिथे लागतो. असा माणूस मी डोळे मिटून निवडला असता. आणि ही माझी नात! माझ्या गोष्टीनं तिनं मलाच पकडलं!" त्यांनी टाचा जुळवून तिघांना खाडकन सलाम ठोकला.

नागसेननं छाती पुढे काढून सलाम परत केला.

तुळशीच्या लग्नाच्या दिवशी अंगणात नवं वृंदावन मांडलं गेलं. मंगलाष्टकं संपायच्या आतच बिजली टुकटुक करत आली आणि खाली पडलेल्या अक्षता टिपू लागली. कोणीतरी तिला हाकलायला हात उचलला.

"राहू द्या तिला," आजी म्हणाली. "ती घरचीच आहे." आणि तिनं आणखी मूठभर अक्षता बिजलीपुढे टाकल्या.