भिंतीकडचा ढीग

तट्टांना चारा घालायला अक्कल लागत नाही, असं आमच्या दादाचं ठाम मत. स्वतः कधी घातला नाही ना, म्हणून. ते काम माझ्याकडे. नवऱ्याचं घर सोडून माहेरी आलेल्या बहिणीला दुसरं काय देणार!

दिवस कलला की मी वाळल्या गवताच्या पेंढ्या ढकलगाडीवर टाकून माळावर जायचे. थंडीत माळ नुसता करपलेला. तट्टं काटक, उघड्यावर राहणारी, पण सगळी एका वयाची थोडीच होती? माजलेली तरणी होती, एक रोडकं शिंगरू होतं आणि दात पडलेली आजीबाई होती. सगळ्यांवर हुकूम करड्या घोडीचा. तिला आम्ही मुकादमीण म्हणायचो. तिनं कान पाडले की समोरच्यानं तोंडातला घास टाकून पळायचं.

म्हणून बाबांची रीत ठरलेली. जितकी तट्टं, त्याहून एक ढीग जास्त, आणि सगळे लांब लांब. मुकादमीण एकाला हुसकावते, ते दुसऱ्याला, पण शेवटी एक ढीग उरतोच. तो दुबळ्याच्या वाट्याला येतो. हा जास्तीचा ढीग बाबा पार टोकाला, पडक्या भिंतीपाशी टाकायचे आणि जीभ टाळूला लावून दुबळ्याला चुचकारून बोलवायचे.

थंडी सुरू व्हायच्या आत बाबा गेले. दादानं लगेच फर्मान काढलं.

"जेवढी तोंडं तेवढे ढीग. बाबांचे लाड पुरे झाले."

"अरे, आजीबाई उपाशी मरेल."

"मरू दे. किती वर्षं पोसायचं तिला?"

वडील गेल्याचं दुःख त्याच्या आवाजात शोधूनही सापडलं नसतं. मला त्याची चीड आली, अजून येते.

त्या संध्याकाळी धुकं उतरलं होतं. आजीबाईला सगळ्यांनी हुसकावलं. ती हळूहळू भिंतीकडे गेली. तिथे उघडी जमीन होती. तिनं मान खाली घातली आणि चघळू लागली. मला आवाज ऐकू येत होता... काहीतरी ओलं चिरडल्याचा. आणि वास आला, ताज्या कापलेल्या गवताचा. मुकादमीण कान पाडून तिच्यावर धावली, पण मधेच थबकली. नाकपुड्या फुगवून ती मागे मागे सरकली आणि परत फिरली.

मी दादाची नजर चुकवून भिजवलेला कोंडा नेऊ लागले. आजीबाई हुंगायची आणि तोंड फिरवायची, पोट भरलेल्या माणसासारखी. पण तिची हाडं वर येत चालली होती. एवढं खाते, मग वाळते का? माझा जीव तुटायचा. एकदा ती भिंतीपाशी उभी असताना मी धीर करून तिथपर्यंत गेले.

"आजी... चल गं... खा थोडं..."

भिंतीपलीकडून कोणीतरी जीभ टाळूला लावून चुचकारलं. अगदी मायेनं. आजीबाईनं कान टवकारले. मी भांडं तिथेच टाकून पळाले.

एका सकाळी ती भिंतीपाशी मरून पडलेली दिसली. दादा माझ्यावरच उखडला.

"चोरून काहीतरी सडकं चारलंस तू! आता डॉक्टरच सांगतील."

गुरांच्या डॉक्टरांनी पोट फाडलं. आतलं सगळं हातानं उलटसुलट करून पाहिलं.

"तुडुंब भरलंय," शेवटी ते म्हणाले. "पण हे हिरवं गवत... या दिवसांत आणलं कुठून?"

आम्ही वाकून पाहिलं. गवत लुसलुशीत होतं, जराही सडलेलं नव्हतं. विळ्यानं बोटाबोटाएवढे तुकडे केलेले होते. दात नसलेल्या जिवाला गिळता यावं, म्हणून कोणीतरी बसून कापलेलं. आमच्या घरात कोणी कोणासाठी एवढे कष्ट घेत नाही.

दादाचा चेहरा उतरला. "तो ढीग... टाकत जा," एवढंच तो पुटपुटला. आता सुचलं शहाण्याला!

मी त्याच संध्याकाळी टाकला, सगळ्यात मोठा, भिंतीला लागून. कोणी फिरकलं नाही. फक्त शिंगरू ढिगाशेजारी भिंतीकडे तोंड करून एकटं उभं होतं, बरगड्या दिसत होत्या त्याच्या. मी मूठभर गवत त्याच्या तोंडाशी धरलं.

"खा रे, राजा... खा..."

त्यानं हुंगलं आणि तोंड फिरवलं. त्याचे ओठ ओले होते, हिरवे झालेले.