मधाच्या रंगाचा खडा

वादळ ओसरलं की आम्ही लिएपाया बंदरातली माणसं डबा घेऊन किनाऱ्यावर जातो. शेवाळात तृणमणी अडकलेले असतात, पाइनच्या जुन्या डिंकाचे खडे. दुकानात चाळीस वर्षं मी ते रंगांप्रमाणे निवडते आहे. फिका असेल तर त्याला पुष्कराज म्हणायचं, सोनेरी तर सुनेला, मधासारखा लालसर तर गोमेद. नावं रत्नांची उसनी घ्यायची, एवढंच. रत्न हाताला गार लागतं, आमचा खडा उबदार. मला तोच आवडतो.

माझ्या लेकीचं, विझ्माचं लग्न ठरलं होतं. तिला गळ्यात गोमेदाच्या रंगाचा खडा हवा होता.

"दुकानातला नको हं आई. समुद्रानंच द्यायला हवा."

हट्टी पोर, बापावर गेलेली. गेलो दोघी.

आमच्याकडे शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं, सापडलेलं काही खिशात टाकायचं नाही. युद्धात बुडालेल्या बॉम्बांमधला फॉस्फरसही असाच पिवळा, असाच लाटांबरोबर येतो. ओला असेतो गुमान राहतो, अंगाच्या उबेनं वाळला की पेटतो. म्हणून डब्यात पाणी.

सकाळचे दहा वाजले होते, पण धुक्यात दहा पावलांपलीकडचं काही दिसत नव्हतं. लोकर जळल्याचा वास आला म्हणून मी थांबले. पुढे विझ्मा कुणाशी तरी बोलत होती. खिशापाशी करपलेल्या जुन्या कोटातली एक म्हातारी, नखशिखांत ओली.

"हाच ना रंग?" म्हातारीनं मूठ उघडली.

"अगदी हाच, आजी!"

"मग खिशात ठेव, पोरी... त्याला ऊब लागते..."

"विझ्मा, डबा!" मी ओरडले. तिचा हात खिशात गेलाच होता. मी धावत जाऊन तिचा कोट ओरबाडला, पाण्यात बुडवला, खिसा उलटा केला. रिकामा. म्हातारीही नव्हती.

चौथ्या दिवशी तिच्या मांडीवर, खिसा येतो तिथंच, नखाएवढा डाग उमटला. पुष्कराजाच्या रंगाचा. डॉक्टर म्हणाले, खरचटलंय, काही नाही. आठवड्यात त्याचा सुनेला झाला. मग गोमेद, तिनं मागितला होता तोच. ज्या डोळ्यांवर आयुष्यभर पोट भरलं, ते फुटले असते तर बरं, असं मला वाटायला लागलं. काल पाहिला तर माणिक. बोट लावलं आणि चटका बसला.

"घाबरतेस कशाला?" ती हसली. "उलट मला थंडीच वाजत नाही, आई."

लग्न शनिवारी आहे.

आज सकाळी उठले तर दार सताड उघडं. विझ्मा अंगणात उभी होती, अनवाणी, रात्रभर पडलेल्या बर्फात. तिच्या पायांखालचा बर्फ वितळून काळी माती दिसत होती. मी उंबरठ्याशी धावले. तिच्या शेजारी, अगदी तिला खेटून, कुणी दिसत नसताना आणखी दोन पावलांच्या ठशांएवढा बर्फ वितळत चालला होता...